तीन फ्रेम उशिरा पोचलेली हातोडी

शूटिंगच्या पहिल्या दिवशी मी तांबट आळीतल्या एका कारागिरापुढे हात जोडून म्हणालो होतो, "काका, अर्धा तास ठोकणं थांबवता का? शेजारच्या वाड्यात आमचं शूटिंग चाललंय." सात महिन्यांनी परत त्याच दारात उभा राहिलो. या वेळी हातात रेकॉर्डर होता. "काका, जरा ठोकता का?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मला नीट ओळखलं आणि म्हणाले, "तेव्हा बंद करा म्हणालात, आता चालू करा म्हणता. नक्की काय पाहिजे ते घरी ठरवून या."

घरी ठरवूनच आलो होतो. ठरवायला सात महिने लागले, एवढंच.

मी विमा कंपनीत नोकरी करतो. फिल्म हा शनिवार-रविवारचा उद्योग, घरच्यांच्या भाषेत नसता उद्योग. गोष्ट तेरा मिनिटांची आणि अगदी साधी. कसबा पेठेतला जुना वाडा पुनर्विकासाला निघालाय, एका खोलीत आप्पा एकटे राहतात, एका दुपारी पुतण्या कागद घेऊन येतो, आप्पा सही करतात. संपलं. कॅमेरा भाड्याने आणला तेव्हा कुठली लेन्स घ्यायची यावर आम्ही तीन बैठका केल्या. आवाजावर एकही नाही. मित्राचा रेकॉर्डर होता, लांब दांडीवर धरायचा एक बूम माइक होता, कॉलरला लावायचा एक छोटा लेपल माइक होता. बूम धरायला ऑफिसातला एक ज्युनिअर घेतला, कारण त्याचे हात लांब होते. निवडीचा निकष खरोखर एवढाच.

आप्पांचं काम करणारे काका राज्य नाट्य स्पर्धेत मुरलेले. भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. इथे माइक दोन फुटांवर. पहिल्याच टेकला "ये, बस" एवढं म्हणाले आणि रेकॉर्डरचा लाल दिवा लागला, म्हणजे आवाज फाटला. मी म्हणालो, "काका, पुतण्या समोरच बसलाय हो." ते म्हणाले, "पुतण्याला जाईल रे, लोकांना जायला नको?" दुपारपर्यंत त्यांचा आवाज खाली आला, पण तो समजुतीने नाही, उन्हाने.

खोलीत वाड्याच्या काकूंचा जुना फ्रिज होता. तो घरघरायला लागला की संवादाखाली एक जाड सतरंजी अंथरल्यासारखं व्हायचं. मी बटण बंद केलं. फ्रिज बंद केला की आपल्या गाडीची किल्ली त्याच्यात ठेवायची, म्हणजे परत चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही, ही या धंद्यातली जुनी युक्ती मला नंतर कळली. त्या दिवशी मी किल्ली खिशात घालून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी दोन लिटर दूध आणि चक्क्याचं पातेलं दारात आणून ठेवलं होतं. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

कोकिळाची भानगड आणखी वेगळी. एप्रिल महिना. वाड्यामागच्या झाडावर तो दिवसभर ओरडत होता. ('ती' नाही, 'तो'. गाणारा नर असतो, आपण मराठीत उगाच कोकिळेला श्रेय देतो.) शूट करताना गोड वाटलं. एडिटला बसलो तेव्हा लक्षात आलं की आप्पांच्या क्लोजअपच्या वेळी तो बोलत होता आणि पुतण्याच्या क्लोजअपच्या वेळी गप्प होता. म्हणजे कट केला की कोकीळ चालू, परत कट केला की बंद. दोघं एकाच खोलीत बसलेत यावर कुणाचा विश्वास बसेना. एक जण कसबा पेठेत बसलाय आणि दुसरा बहुतेक बँकेत.

आणि रूम टोन. शूटिंगच्या जागी सगळ्यांनी गप्प उभं राहून त्या खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करायचा असतो, एखादा मिनिट तरी. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, नंतर संवादांमधल्या फटी त्याच शांततेने बुजवायच्या असतात. हे मी वाचलं होतं. आम्ही श्रद्धांजलीला उभे राहतात तसे उभे राहिलो. विसाव्या सेकंदाला बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला, कुणीतरी फसकन हसलं, आणि जेवणाचे डबे आलेलेच होते. "झालं, झालं, वीस सेकंद पुष्कळ आहेत," असं मीच म्हणालो होतो. रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज आहे.

जूनमध्ये पहिला कट तयार झाला. आवाजाची सगळी भोकं मी संगीताने बुजवली. एका मित्राने बासरी वाजवून दिली होती, फार सुंदर. तेरातली साडेअकरा मिनिटं बासरी होती. आप्पा पाणी प्यायले तरी बासरी, पुतण्याने चप्पल काढली तरी बासरी. पाचसहा जणांना दाखवली. सगळे म्हणाले, छान आहे. एकाने मध्येच मोबाइल बघितला. बायको म्हणाली, "सही करतात तिथे मला वाईट वाटलं पाहिजे हे मला कळलं." कळलं म्हणाली. वाटलं म्हणाली नाही.

मग एका मैत्रिणीच्या ओळखीने ताई भेटली. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण शिकलेली, आता मुंबई-पुणे करत काम करते. नाव छापू नकोस म्हणाली, म्हणून नुसतं ताई. कर्वे रोडच्या मागच्या एका गल्लीत तिची छोटी खोली आहे, भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी ठोकलेलं. आत गेलं की स्वतःच्या कानात दडा बसल्यासारखं वाटतं. तिने फिल्म एकदा शांतपणे पाहिली. मग बासरीचा ट्रॅक बंद करून परत लावली. मला लाज वाटली. उघडी पडलेली फिल्म म्हणजे तुकड्यांची गोधडी. प्रत्येक कटला खोलीची हवा बदलत होती आणि दर वीस सेकंदांनी तोच स्कूटरवाला तोच हॉर्न वाजवत होता. माझ्या रूम टोनची मीच गोल-गोल जोडलेली कॉपी. बासरीखाली तो लपला होता. डोळा अशी पुनरावृत्ती चालवून घेतो, कान दुसऱ्या फेरीला पकडतो.

मी विचारलं, "हे साफ होईल का?"

ती म्हणाली, "साफ करू. पण मला आधी सांग, सहीच्या सीनमध्ये कान कुणाचा आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. मग तिने वहीचं पान घेतलं आणि मधोमध रेघ मारली. एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला पुतण्या. "दोघं एकाच खोलीत बसलेत. पुतण्याला काय ऐकू येतंय?" मी सांगत गेलो. पंखा, रस्त्यावरच्या गाड्या, स्वतःचा फोन, आप्पा कागद उलटतात त्याचा आवाज, कारण तो त्याचीच वाट बघतोय. "आणि आप्पांना?" मी थांबलो. साठ वर्षं त्या खोलीत राहिलेल्या माणसाला पंखा ऐकू येत नाही. गाड्या ऐकू येत नाहीत. त्यांना काय ऐकू येत असेल? मी म्हणालो, "तांबट आळीतली ठोकठोक. पण ती तर आम्ही बंद करायला लावली होती."

ती हसली. "ही एकच गोष्ट तू बरोबर केलीस, तीही चुकून. संवाद कोरे मिळालेत. ठोकठोक त्यांच्यात मिसळली असती तर आपल्याला हलवता आली नसती. आता ती कुठे ठेवायची आणि कुठून काढायची हे आपल्या हातात आहे."

तिथून माझी समजूत फिरली. तोवर मला वाटायचं की चित्र म्हणजे गोष्ट आणि आवाज म्हणजे त्यातली गळती बंद करणारा प्लंबर. कॅमेरा तर दोघांच्या मध्ये ठेवलेला, तटस्थ. प्रेक्षकाला कुणाच्या खुर्चीत बसवायचं हे त्या सीनमध्ये आवाजच ठरवणार होता.

त्याच आठवड्यात तिने मला 'कुंकू' परत बघायला लावला. १९३७ सालचा, शांतारामबापूंचा. कॉलेजात असताना पाहिला होता, पण तेव्हा गोष्ट पाहिली होती. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा, तिचा नकार, शांता आपट्यांचं काम. ताई म्हणाली, या वेळी नुसतं पार्श्वसंगीत कुठे आहे ते मोज. मी वही घेऊन बसलो आणि वही कोरी राहिली. गाणी आहेत, पण प्रसंगांखाली वाद्यवृंद नाही. भावना सांगायला व्हायोलिन नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. म्हाताऱ्याच्या घरातलं घड्याळ ऐकू येतं आणि पुरतं. भारतात बोलपट येऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती, 'आलम आरा' १९३१चा. आवाज मिळालाय म्हटल्यावर बाकीचे तो ओतत असणार, आणि इथे लॉ कॉलेज रोडवर प्रभातच्या स्टुडिओत कुणीतरी तो वगळत बसलं होतं. आज त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे. ताई तिथेच शिकली, म्हणून तिला त्याचा जरा जास्तच अभिमान आहे, पण या बाबतीत तिचा मुद्दा पटला. मी घरी येऊन बासरीवाल्या मित्राला फोन केला. तो फोन कठीण होता. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पुढचे तीन महिने काम असं चाललं: शनिवारी ताईकडे, रविवारी घरी फोली. पडद्यावरच्या हालचाली बघत बघत त्यांचे आवाज नव्याने करायचे, याला फोली म्हणतात. हॉलिवूडच्या जॅक फोलीच्या नावावरून. पावलं, कपड्यांची सळसळ, पेला ठेवल्याचा आवाज. शूटिंगच्या वेळी माइक तोंडाकडे असतो, म्हणून हे सगळं पुसट येतं. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मी खिडक्यांवर रजया टांगल्या, एक जुनी फरशी बघून ठेवली, आणि पुतण्याच्या चपला घालून जागच्या जागी चाललो. वाळक्या पाचोळ्यासाठी कुरमुरे तुडवले. ते हुबेहूब वाटतं, फक्त नंतर घरात मुंग्या होतात. शेवटी टायटल्सच्या वेळी पाऊस हवा होता. खरा पाऊस रेकॉर्ड केला तर नुसता खरखर आवाज आला, रेडिओचं स्टेशन लागत नाही तसा. तळणाचा आवाज पावसासारखा वाटतो असं ऐकलं होतं. आईने दिवाळीआधीच्या रविवारी चिरोट्यांचा घाणा घातला तेव्हा कढईपासून हातभर अंतरावर माइक धरून उभा राहिलो. आई म्हणाली, "तेल उडालं तर तुझ्या त्या यंत्रावर उडू दे, माझ्याकडे बघू नकोस." फिल्ममधला पाऊस तेलातला आहे. आजवर कुणी ओळखला नाही.

सगळ्यात जास्त वेळ सहीने खाल्ला. आप्पा सही करतात तो शॉट एकवीस सेकंदांचा आहे. बॉलपेन, साधा कागद. खऱ्या सहीला आवाज जवळजवळ नसतोच. पण आप्पांच्या कानाला तो सगळ्यात मोठा आवाज असणार ना. मी फाउंटन पेन, पेन्सिल, काडी, सगळं करून बघितलं. काडीने उंदीर कुरतडतोय असं वाटलं. शेवटी देवघरातला शिसवी पाट उलटा करून त्यावर एकच कागद ठेवला, शाई संपलेली रिफिल दाबून धरली आणि सही केली. खाली पोकळी असल्यामुळे पाट किंचित घुमला, आणि रिफिलचं टोक कागदाच्या धाग्यांवरून अडखळत गेलं. जुन्या माणसांसारख्या आप्पा सहीखाली दोन रेघा मारतात. पहिली रेघ झटक्यात, दुसरी सावकाश. त्या दुसऱ्या रेघेचे मी एकोणतीस टेक केले. शेजारच्या काकांनी दार वाजवून विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना.

मध्ये गणपती आले. आमच्या भागात पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी सहानंतर माइक लावण्यात अर्थ नसतो. रजया टांगा नाहीतर भिंत बांधा, ढोल येतोच, कारण खालचे सूर भिंतीला जुमानत नाहीत. पाच-सहा रविवार असेच गेले. तक्रार नाही, मीही एकेकाळी टोल वाजवलाय.

कोकिळाचा तिढा ताईने ज्या पद्धतीने सोडवला ती मला आजही उलटी वाटते. मी म्हणत होतो, काढून टाक. ती म्हणाली, संवादाला चिकटलेला पक्षी काढला तर संवादाचं कातडं निघतं. तिने उलट पुतण्याच्या शॉट्समध्ये आणखी कोकीळ घातला. जिथे नव्हता तिथेही, मागे, दूरवर, कटच्या आधीपासून कटच्या नंतरपर्यंत सलग. झालं, दोघं एका खोलीत आले. नको असलेल्या आवाजाला हाकलता येत नसेल तर त्याला भावंडं द्यायची.

नोव्हेंबरात मी तांबट आळीत गेलो, ते सुरुवातीला सांगितलंच. काकांनी चहा पाजला आणि मग म्हणाले, लाव तुझं यंत्र. घडवलेल्या भांड्यावर मठार काम चाललं होतं. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने भांड्यावर शेजारी-शेजारी ठोके देत जायचं, त्याने तांबं घट्ट होतं आणि प्रत्येक ठोक्याचा छोटा आरसा चमकतो. माझी पहिली दहा मिनिटं वाया गेली, कारण ठोक्याचा सुरुवातीचा फटका इतका टोकदार असतो की काटा हलेपर्यंत आवाज फाटलेला असतो. लेव्हल खूप खाली आणली तेव्हा कुठे खरी ठण् मिळाली. तिथे बसून एक गोष्ट कळली जी वाड्यात बसून कधी कळली नसती. ठोकठोक सलग नसते. दहाबारा ठोके, मग दोन-तीन सेकंद गप्प. तेवढ्यात काका भांडं फिरवून घेतात. मग परत दहाबारा. मी वहीत लिहिलं: 'भांडं फिरवायची फट'. का लिहिलं ते तेव्हा माहीत नव्हतं.

ते रेकॉर्डिंग मी ऐटीत ताईकडे नेलं, टाइमलाइनवर टाकलं, आवाज कमी केला. ती म्हणाली, "हे लांबचं नाही. हे जवळचं, पण लहान आहे." खरंच. एखादी बुटकी हातोडी आप्पांच्या कानाशी वाजत होती. लांबचा आवाज म्हणजे नुसता हळू आवाज नव्हे. वाटेत त्याच्या कडा झिजतात, वरचे सूर गळतात, भिंतींवर आपटून आलेला आवाज मूळ आवाजाच्या बरोबरीला येतो. यंत्रात हे सगळं खोटं करता येतं, पण ती म्हणाली, वाडा अजून उभा आहे तर खोटं कशाला? मी परत गेलो. एक रेकॉर्डिंग आळीच्या तोंडाशी, एक वाड्याच्या जिन्यात, एक आप्पांच्या खोलीतच, खिडकी उघडी आणि बंद. त्याच मुक्कामी खोलीची पाच मिनिटं शांतता घेतली. दुपारी तीनला, कारण दुपारची शांतता रात्री मिळत नाही. काकूंचा फ्रिजही रेकॉर्ड केला. काकू लक्ष ठेवून शेजारी उभ्या होत्या. मी किल्ली फ्रिजवरच ठेवली, त्यांना दिसेल अशी.

एका शॉटमध्ये मात्र आमचं वाजलं. आप्पा खिडकीतून बघतात आणि लांब, साधारण चाळीस-बेचाळीस मीटरवर, दारात बसलेले कारागीर काका दिसतात. हातोडी पडते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि फिल्म सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एका फ्रेममध्ये आवाजाची मजल चौदा मीटर. बेचाळीस मीटरवरून तो तीन फ्रेम उशिराच यायला हवा. मी इमानदारीने तीन फ्रेम उशिरा लावला. गणित चोख, आणि बघताना सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ, गेलाय असं वाटत होतं. ताईने तो गुपचूप तीन फ्रेम मागे ओढून हातोडीवर बसवला. मी म्हणालो, हे चूक आहे. ती म्हणाली, हे बरोबर दिसतं. अर्धा तास वाद घातला. शेवटी तिचं राहिलं, कारण खोली तिची होती. पण मला अजूनही वाटतं की आप्पांना तो उशीर पाठ असणार. हात खाली येतो, मग ठण्. साठ वर्षं तेच बघितलंय. असो.

मग मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवायचं काम. फ्रिज खोलीच्या कोपऱ्यात सुरुवातीपासून घरघरतो आणि पुतण्या कागद काढतो तेव्हा थरथरून बंद पडतो. आधी तिथे मी एक खालच्या सुरातली गंभीर गुणगुण लावली होती, इंग्रजी थ्रिलरमध्ये असते तशी. ताईच्या स्पीकरवर छातीत धडकी भरायची. मामेभावाला पाठवली तर त्याने बसमध्ये मोबाइलवर पाहिली आणि विचारलं, कुठली गुणगुण? मोबाइलच्या स्पीकरमधून ते सूर निघतच नाहीत. फ्रिजची घरघर मात्र मोबाइलवरही कळते, आणि ती बंद पडली की माणूस नकळत ताठ बसतो. लाइट गेल्यावर पंखा थांबतो, तेव्हाच कळतं तो किती बोलत होता, तसंच.

सहीच्या सीनमध्ये आम्ही रेघ मारलेल्या पानाप्रमाणे गेलो. सीन सुरू होतो तेव्हा कान पुतण्याचा: गाड्या, पंखा, फोनची थरथर. आप्पा पेन हातात घेतात तसतशा गाड्या विरत जातात. एकदम नाही, सतरा-अठरा सेकंदांत, कुणाच्या लक्षात येणार नाही इतक्या हळू. पंखा फिरताना दिसतो, ऐकू येत नाही. राहतं पेन आणि लांबची ठोकठोक. ठोकठोक पहिल्या फ्रेमपासून फिल्मखाली आहे, म्हणजे तोवर ती कुणालाच ऐकू येत नसते. पहिली रेघ. दहाबारा ठोके. भांडं फिरवायची फट. दुसरी रेघ, सावकाश. आणि ती फट संपतच नाही.

ठोके थांबले हे लगेच कळत नाही. दोन सेकंद वाटतं, भांडं फिरवत असतील.

त्यानंतरच्या जागेवर मी आधी काहीच ठेवलं नव्हतं. शून्य. शांतता म्हणजे शांतता. ताईने एकदा मोठ्या खोलीत लावून दाखवलं आणि सोबत आलेल्या दोघांनी मागे वळून प्रोजेक्टरकडे बघितलं. बिघडलं असं त्यांना वाटलं. शून्य ही खोलीची शांतता नसते, ते उपकरणाचं मरण असतं. मग नोव्हेंबरातली ती दुपारी तीनची पाच मिनिटं काढली. त्यातले चाळीस सेकंद. त्यात काहीच नाही, फक्त ती खोली आहे. एकदा जिन्यात कुणाची तरी चाहूल लागल्यासारखी वाटते आणि थांबते. ती मी केलेली नाही, आपोआप आलीय. ताई म्हणाली, हात लावू नकोस.

बासरी शेवटच्या टायटल्सवर आहे, चिरोट्यांच्या पावसाबरोबर, पूर्ण एक मिनिट दहा सेकंद. मित्र आला होता. म्हणाला, तिथे बरी वाटते. तो अजून थोडा रागावलेला आहे, आणि त्याचं बरोबर आहे.

फिल्म आम्ही पहिल्यांदा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवली. तीसेक माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, ताईने दोन चांगले स्पीकर आणून दिले होते. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. पडद्याकडे बघत नव्हतो, माणसांच्या मानांकडे बघत होतो. दुसरी रेघ संपली. दोन सेकंद काही नाही. मग पुढच्या रांगेतल्या एका काकूंचा चिवड्याच्या बशीतला हात तिथेच राहिला. एका मुलाने आईकडे बघितलं.

नंतर लोक बोलत होते, पुनर्विकासाबद्दल, आप्पांच्या अभिनयाबद्दल, आमच्या सोसायटीचा बिल्डर कधी येणार याबद्दल. आवाजाबद्दल कुणी काही बोललं नाही. हॉल रिकामा व्हायला लागला तेव्हा चौथ्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत माझ्याकडे आले. वर बघत म्हणाले, "छान केलंस रे. फक्त ते सही करत होते ना, नेमका तेव्हाच कुणीतरी पंखा बंद केला."

मी वर बघितलं. चारही पंखे फिरत होते.